खरखरीचा उगम

पनवेलच्या लाइन आळीत दिनानाथ टिपणीस नावाचे गृहस्थ राहत असत. नोकरी पोस्टात, तारेच्या खिडकीशी, म्हणून सगळं गाव त्यांना तारमास्तर म्हणे. माणूस सज्जन, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. खोड एकच होती. चुकीचं विधान कानावर आलं की ते दुरुस्त केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. लग्नाच्या पंगतीत कुणी सहज म्हणालं, "अख्खं पनवेल लोटलंय जेवायला," की टिपणीस हातातला घास खाली ठेवून सांगत, अख्खं नाही, उरण नाक्यापलीकडचं कुणी दिसत नाही. यजमानाला वाटे, हा आपल्याला नावं ठेवतोय. तसं काही नसे. त्यांना फक्त हिशेब बरोबर हवा असे. त्यांच्या पत्नी शांतीबाई म्हणत, "ह्यांच्याशी भांडायचं तर आधी पुरावे गोळा करावे लागतात. तोवर राग निघून जातो."

या टिपणीसांना एक नाद होता. लढाई संपल्यावर काही वर्षांनी सरकार हौशी लोकांना घरी बिनतारी यंत्र चालवायचा परवाना देऊ लागलं. त्यासाठी परीक्षा असे. तारेचा कडकट्ट ज्यांच्या बोटांत मुरलेला, त्यांना ती कसली अवघड. टिपणीस पास झाले. मुंबईच्या चोरबाजारातून त्यांनी लष्कराचं मोडीत निघालेलं एक यंत्र आणलं, मागच्या खोलीत मांडलं, कौलांवर दोन उंच बांबू उभे करून त्यांच्यामध्ये तांब्याची तार ताणली आणि संध्याकाळी पोस्टातून आले की कानाला हेडफोन लावून बसू लागले. दिवसभर सरकारची तार बडवायची, संध्याकाळी स्वतःची.

बोलत कुणाशी? सिलोनात कँडी गावी एक शाळामास्तर होते, त्यांच्याशी सर्वांत जास्त. आणि बोलत काय? तुमचा आवाज चांगला येतो, माझा कसा येतो, इथे हवा कोरडी आहे, तिथे कशी आहे. राजकारण आणि व्यापार हवेवर बोलायची मनाईच होती; पण ती नसती तरी टिपणीस हवेपलीकडे गेले असते असं वाटत नाही. शांतीबाईंना या गोष्टीचं नवल वाटे. पेणला राहणाऱ्या सख्ख्या मावशीला ओळभर पत्र टाकायला ह्यांना सवड नाही, आणि सिलोनच्या मास्तरला मात्र पनवेलची हवा रोज कळते.

आळीला या नादाचं काही सोयरसुतक नव्हतं. मग आळीत रेडिओ आले. पहिला मोठा रेडिओ आला कमळाकरशेठकडे. कमळाकरशेठ टिपणीसांचे समोरचे शेजारी, तांदळाचे व्यापारी. रेडिओला त्यांनी वेलबुट्टीचं झाकण शिवून घेतलं होतं आणि संध्याकाळी ते झाकण उचलायचा मान ते दुसऱ्या कुणाला देत नसत. सिलोनची गाणी लागली की त्यांच्या ओट्यावर आळी जमे. कमळाकरशेठ बटणाशी असे बसत, जणू गाणी तेच म्हणतायत.

आणि सत्तावन्न सालच्या दिवाळीनंतर खरखर सुरू झाली.

दिवे लागायची वेळ झाली की कढईत कुरडया सोडाव्यात तसा आवाज रेडिओतून येऊ लागे. गाणं त्याच्याखाली कुठेतरी गुदमरून जाई. एकट्या कमळाकरशेठच्या नाही, ज्यांच्या ज्यांच्या घरी रेडिओ होता त्या सगळ्यांच्या घरी तेच. आठवडाभर लोकांनी रेडिओला थापटून पाहिलं. मग सगळ्यांच्या नजरा हळूहळू वर गेल्या, टिपणीसांच्या कौलांवरच्या बांबूंकडे.

कमळाकरशेठ चार शेजाऱ्यांना घेऊन टिपणीसांकडे आले. बोलणं गोड होतं. तुमचा छंद आम्हाला मान्य आहे, तुमच्यासारखा विद्वान आळीत आहे याचा अभिमानच आहे, पण तुम्ही त्या सिलोनवाल्याशी बोलता तेव्हा सिलोनची गाणी तुमच्याच तारेला अडकत असणार, असं त्यांचं म्हणणं होतं. टिपणीसांनी शांतपणे सांगितलं की खरखर त्यांनाही तितकीच छळते आहे. कँडीचे मास्तर गेले कित्येक दिवस नीट ऐकूच आले नाहीत. आणि यंत्र बंद असतानाही खरखर होतेच. कमळाकरशेठ म्हणाले, दाखवा.

दाखवणं हा तर टिपणीसांचा आवडता प्रकार. त्यांनी सगळ्यांदेखत यंत्र बंद केलं, वायर काढून हातात घेतली आणि सगळे मिळून समोरच्या ओट्यावर गेले. रेडिओ लावला. कुरडया जोरात तळल्या जात होत्या. टिपणीसांनी हातातली वायर वर करून दाखवली.

कमळाकरशेठनी थोडा विचार केला. "यंत्र अजून गरम असेल," ते म्हणाले. "निवायला वेळ लागतो."

त्या वाक्यात इतक्या चुका होत्या की कुठून दुरुस्तीला सुरुवात करावी हे टिपणीसांना कळेना. ते घरी आले आणि त्यांनी शांतीबाईंना जाहीर केलं की खरखरीचा उगम सापडेपर्यंत आपण यंत्राला हात लावणार नाही. शांतीबाईंनी विचारलं, उगम शोधणार कोण? टिपणीस म्हणाले, मीच. शांतीबाईंनी तेव्हाच ओळखलं की आता घरातली एखादी वस्तू जाणार. गेली ती आरशाची लाकडी चौकट.

त्या चौकटीवर टिपणीसांनी तांब्याच्या बारीक तारेचे वेढे गुंडाळले, खाली मूठ बसवली आणि तिला बॅटरीवर चालणारा एक छोटा रेडिओ जोडला. रेडिओ खांद्याला पिशवीत, हेडफोन कानाला, चौकट हातात. युक्ती अशी की चौकटीचं तोंड आवाजाकडे केलं की आवाज जवळजवळ मरतो. मग चौकटीतून नाकासमोर बघायचं, उगम त्या रेषेवर. पोस्टाच्या गच्चीवर उभं राहून त्यांनी चौकट सावकाश फिरवली. एका जागी खरखर मेली, आणि चौकटीतून समोर दिसला तो कर्नाळ्याचा सुळका.

यात एक अडचण होती आणि ती टिपणीसांना माहीत होती. चौकट रेषा सांगते, पण रेषेचं कुठलं टोक ते सांगत नाही. एका टोकाला कर्नाळा होता, तर पाठीमागे दुसऱ्या टोकाला खाडी, मिठागरं आणि तिथली भातगिरणी. टिपणीसांनी नीट विचार केला. खाडीत काय, पाणी आणि चिखल. भातगिरणीची मोटर आवाज करील हे खरं, पण गिरणी दिवस मावळायच्या आत बंद होते आणि खरखर त्यानंतर सुरू होते. म्हणजे खाडी नाही. राहिला कर्नाळा. त्या डोंगरात सरकारने काही गुप्त यंत्र बसवलं असण्याची शक्यता त्यांना दिसू लागली आणि, खरं सांगायचं तर, ती त्यांना आवडूही लागली. भातगिरणीपेक्षा गुप्त यंत्र केव्हाही बरं.

माघातल्या एका रविवारी दुपारी चौकट सायकलला बांधून ते कर्नाळ्याच्या रस्त्याला लागले. डोंगराजवळ खरखर आधीच लागते का ते रस्त्यात थांबून थांबून ऐकायचं, पुढे जायचं. ऊन उतरलं तेव्हा ते रस्ता सोडून एका वाडीत पोचले होते. भात कधीच कापून झालं होतं आणि शेतांत वाल उभा होता. टिपणीस सायकल बांधाला टेकवून, हेडफोन लावून, चौकट पुढे धरून बांधावरून चालू लागले. चार पावलं टाकत, थांबत, गोल फिरत, पुन्हा मागे येत.

शेतात काम करणाऱ्यांनी हातातली कामं ठेवली. ती शेतं महादेव आणि विठू या दोन आगरी भावांची होती. बाप गेल्यावर वाटण्या झाल्या, मधे बांध पडला आणि बांधाबरोबर अबोलाही पडला. दोघं आपापल्या हद्दीतून पाहत होते. महादेवची बायको हौसा मात्र सरळ बांधापाशी आली. तारमास्तरांना ती ओळखत होती. तिचा भाऊ मुंबईच्या गोदीत होता आणि त्याची तार एकदा टिपणीसांनीच तिला वाचून दाखवली होती. तिने विचारलं, "काय शोधता मास्तर?"

टिपणीसांनी एका कानावरचा हेडफोन बाजूला केला. "उगम शोधतोय," ते म्हणाले, आणि हेडफोन परत लावला. खरखरीचा, हा शब्द त्यांना वेगळा सांगायची गरज वाटली नाही. इतके दिवस ते दुसऱ्या कशाचा विचारच करत नव्हते.

हौसाने ते नवऱ्याला सांगितलं. महादेवने गड्याला सांगितलं. गड्याने मोठ्या आवाजात दुसऱ्या गड्याला सांगितलं, म्हणजे विठूलाही कळलं. वाडीत पाण्याचे हाल होते. होळी झाली की विहीर आटे आणि बायका लांबच्या ओढ्यावर जात. मास्तर उगम शोधायला आलेत म्हटल्यावर माणसं बांधाच्या दोन्ही बाजूंना गोळा झाली.

टिपणीसांना हे काहीच दिसत नव्हतं. बांधाच्या मध्यावर एक उंबर होता, त्याच्या सावलीत ते उभे होते आणि त्यांच्या कपाळावर आठ्या होत्या. दिवे लागायची वेळ झाली, खरखर सुरू झाली, पण किती बारीक. पनवेलात कान फाटत होते आणि इथे हेडफोन कानावर दाबून धरावा लागत होता. चौकट अजूनही तीच रेषा दाखवत होती. मग त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आपण उगमाकडे आलोच नाही. आपण त्याच्याकडे पाठ करून थेट कर्नाळ्यापर्यंत आलो.

"सापडलं," ते म्हणाले. सापडली होती ती चूक. आणि स्वतःवरच्या रागाने त्यांनी पाय जोरात जमिनीवर आपटला.

गडी पुढे झाला आणि पाय आपटला त्या जागी त्याने एक दगड ठेवला. टिपणीस तोवर चौकट आवरत होते. हौसाने त्यांना जाऊ दिलं नाही. शेतात पोपटी लावली होती. भांबुर्ड्याच्या पाल्यात मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा त्यांच्यापुढे आल्या. टिपणीसांनी त्या मनापासून खाल्ल्या. वाडीतले लोक किती अगत्यशील आहेत, असा विचार करत ते सायकलवर बसले.

घरी आल्यावर त्यांनी सगळी हकिकत शांतीबाईंना सांगितली. शांतीबाई म्हणाल्या, "म्हणजे आज तुम्ही जिथे खरखर नाही अशी जागा शोधून आलात." टिपणीसांनी विचार केला. या विधानात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.

मग ते दुसऱ्या टोकाला लागले. संध्याकाळी पोस्टातून सुटले की चौकट घेऊन खाडीच्या बाजूला. कोळीवाड्यातून जाताना सुकट विकणाऱ्या गुणाबाईने विचारलं की या जाळ्यात हवेतलं मासं गावतं काय. टिपणीसांनी थांबून तिला सांगितलं की हे जाळं नाही. गुणाबाईने ते गंभीरपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारलं.

खाडीकडे खरखर वाढत गेली. पण भातगिरणीकडे जाणाऱ्या विजेच्या तारांखाली आल्यावर चौकटीचं डोकं फिरलं. जिकडे धरावी तिकडे आवाज. प्रत्येक खांब तोच गुन्हेगार असल्यासारखा गात होता. टिपणीसांनी मग लाकडी हातोडा आणला आणि प्रत्येक खांबाला ठोका देऊन हेडफोनमध्ये काही फरक पडतो का ते ऐकत निघाले. मिठागरावरची माणसं लांबून हे पाहत. पोस्टातला एवढा शिकलेला माणूस रोज संध्याकाळी येऊन खांबांना मारतो, याचं कारण काय असावं यावर तिथे बरीच चर्चा झाली असं म्हणतात.

मिठागराच्या अगदी कडेला उभ्या असलेल्या एका खांबाला ठोका दिला आणि खरखर क्षणभर बंद पडली. टिपणीसांनी पुन्हा ठोकलं. पुन्हा बंद, पुन्हा सुरू. त्यांनी वर पाहिलं. तारा ज्यांच्यावर बसवतात ते चिनी मातीचे कप मिठाच्या उडत्या धुळीने खरखरीत झाले होते आणि त्यांतला एक तडकला होता. दिवसा ऊन असे तोवर सगळं कोरडं. संध्याकाळी खाडीवरून दमट वारा सुटला की मीठ ओलं होई आणि कपावरून बारीक ठिणग्या पळू लागत. गिरणी बंद होई, पण तारेतली वीज काही घरी जात नसे. हे आपल्याला आधी सुचायला हवं होतं, असं टिपणीसांना वाटलं. पण त्यांना वाईट वाटलं नाही. अंधार पडू लागला होता. खांबाच्या टोकाशी निळसर ठिणगी लुकलुकताना त्यांना दिसली आणि ते बराच वेळ मान वर करून तिच्याकडे पाहत राहिले. इतके दिवस जिला कानांनी शोधलं ती डोळ्यांना दिसत होती.

वीजवाल्यांना कळवल्यावर त्यांनी जगन नावाचा वायरमन पाठवला. होळीच्या आधीच्या दिवशी लाइन बंद करून तो वर चढला, मीठ पुसलं, तडकलेला कप बदलला आणि खाली उतरला. टिपणीस स्वतः तिथे हजर होते. घोटाळा एवढाच झाला की त्याच सकाळी, होळीच्या ज्वाळा तारेपर्यंत पोचायला नकोत म्हणून, त्यांनी आपल्या कौलांवरची तार उतरवून ठेवली होती.

संध्याकाळी कमळाकरशेठनी झाकण उचललं. गाणं स्वच्छ लागलं, तासलेल्या नारळासारखं. आळीने आधी रेडिओकडे पाहिलं, मग समोरच्या मोकळ्या बांबूंकडे.

"दिनानाथरावांनी शेवटी ऐकलं आपलं," कमळाकरशेठ म्हणाले.

टिपणीस धावत गेले. त्यांनी मीठ, दमट वारा, कप, ठिणगी, सगळं पहिल्यापासून समजावलं. लोकांनी ऐकलं. मग होळी झाल्यावर त्यांनी मुद्दाम सगळ्यांना बोलावून तार पुन्हा वर चढवली. रेडिओ स्वच्छच राहिला. आता तरी पटलं का, असं त्यांनी विचारलं. कमळाकरशेठनी समजूतदारपणे मान हलवली आणि सांगितलं की यावेळी तार अगदी बरोबर बसलीय, पहिल्यांदाच अशी बसवली असती तर सगळ्यांचा त्रास वाचला असता.

त्या दिवशी टिपणीस जेवले नाहीत. शांतीबाईंनी त्यांचं ताट झाकून ठेवलं. आळीच्या बायकांत दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः खांबाची गोष्ट सांगितली, आणि नवऱ्यापेक्षा बरीच चांगली सांगितली.

वैशाख संपत आला तेव्हा एका दुपारी तारेच्या खिडकीशी दोन माणसं उभी राहिली. महादेव आणि विठू. दोघं एकत्र आले होते, हे विशेष आहे हे टिपणीसांना कळायचं कारण नव्हतं. पाटीत कलिंगडं होती, वर वालाची पुरचुंडी होती. मास्तरांनी दाखवल्या जागी विहीर खणली, पाणी लागलं, परवा पूजा आहे, तुमच्या हातचा नारळ पाहिजे, असं महादेवने सांगितलं. टिपणीसांनी चष्मा काढला आणि परत लावला. आपण कुठलीही जागा दाखवली नाही, ते म्हणाले. दोघं भाऊ एकमेकांकडे बघून हसले. मोठी माणसं असंच बोलतात, असं विठू म्हणाला. मागे तार करणाऱ्यांची रांग लागली होती, त्यामुळे खुलासा अर्धाच राहिला.

टिपणीस जायला तयार नव्हते. जे आपण केलं नाही त्याचा नारळ फोडायचा कसा? शांतीबाईंनी विचारलं की मग खुलासा कोण करणार, आणि तो इथे घरात बसून कसा करणार? हा मुद्दा बिनतोड होता. पूजेच्या दिवशी नवराबायको वाडीत पोचले ते टिपणीसांनी मनात पाठ केलेल्या भाषणासह. भाषणात चौकट होती, रेषेची दोन टोकं होती, मीठ होतं, आणि शेवटी असं होतं की या विहिरीशी माझा काडीचा संबंध नाही.

विहीर बरोबर बांधावर होती, अर्धी एका भावाच्या हद्दीत, अर्धी दुसऱ्याच्या. उंबराला माळ घातली होती. टिपणीसांनाही घातली. सगळे जमायचे होते, तेवढ्यात हौसा पितळी पेल्यात पाणी घेऊन आली आणि त्यांना उंबराच्या मागे जरा बाजूला घेऊन गेली. त्यांनी तिलाच आधी सांगून टाकलं, की हौसाबाई, माझी ती चौकट पाणी शोधत नाही.

"आमाला माईत हाय," हौसा म्हणाली.

टिपणीसांनी गळ्यातली माळ सारखी केली.

"पानी या उतारावर कुठंबी लागलं असतं, मास्तर. सासरा सांगून गेला व्हता. पन ह्यो म्हने माज्या शेतात खणा, त्यो म्हने माज्या. बाप गेल्यापासून तेच चाललंय, आनि आमी बायका ओढ्यावरून हंडे आनतो. तुमी आला आनि बांधावर पाय आपटला. तवा दोगं बी गप झाले." तिने पेला पुढे केला. "आता तुमी भासन करनार, की ही जागा तुमी नाय दावली. करा. उद्या परत बांध मधे येल."

टिपणीसांनी पेला घेतला. आयुष्यात पहिल्यांदाच एक चुकीचं विधान त्यांच्यासमोर उभं होतं आणि ते दुरुस्त करणं चूक ठरणार होतं. अशा प्रसंगी काय करायचं याचा त्यांना सराव नव्हता. ते पाणी प्यायले. मग शांतीबाईंकडे पाहिलं. त्यांनी बोलणं ऐकलं होतं, पण त्या उंबराच्या पानांकडे बघत राहिल्या. मदत करायची त्यांची इच्छा दिसत नव्हती.

नारळ फुटला. महादेव आणि विठू दोन्ही बाजूंना उभे राहिले आणि मास्तरांनी दोन शब्द बोलावेत अशी विनंती झाली. टिपणीस पुढे आले. त्यांनी घसा साफ केला. पाठ केलेलं भाषण पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत तोंडात तयार होतं. सगळ्या माणसांकडे, मग विहिरीत वाकून खालच्या पाण्याकडे त्यांनी पाहिलं.

"पाणी गोड आहे," ते म्हणाले, आणि खाली बसले.

हे विधान शंभर टक्के खरं होतं. वाडीने टाळ्या वाजवल्या. परतीच्या वाटेवर बैलगाडीत शांतीबाई म्हणाल्या की लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तुमचं भाषण मी आज पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकलं. टिपणीस त्यांना सांगणार होते की भाषण एका वाक्याचं होतं. पण त्यांनी ते सोडून दिलं. बहुधा एका दिवसात दोनदा सोडून देणं त्यांना झेपलं, याचं शांतीबाईंनाच जास्त नवल वाटलं असावं.

त्यानंतर आसपासच्या वाड्यांतून लोक त्यांच्याकडे येऊ लागले. तळोज्याकडून आले, उरणकडून आले. टिपणीस प्रत्येकाला खरं काय ते सांगत आणि परत पाठवत. लोक मुकाट्याने जात, कारण मास्तर ज्याला त्याला पाणी दाखवत नाहीत, असं सगळीकडे झालं होतं. कमळाकरशेठ आपल्या गिऱ्हाइकांना सांगत की समोरचे दिनानाथराव पाण्यातले मोठे जाणकार आहेत, रेडिओत मात्र त्यांना फारसं कळत नाही.

यंत्र होळीनंतरच सुरू झालं होतं, पण कँडीचे मास्तर पुन्हा स्वच्छ ऐकू आले ते पावसाळ्याच्या तोंडाशी एका संध्याकाळी. इतके दिवस कुठे होतात, त्यांनी विचारलं. टिपणीसांनी नेहमीप्रमाणे हवा सांगितली. मग, का कोण जाणे, बोटं थांबेनात आणि त्यांनी विहिरीची सगळी गोष्ट हवेवर घातली: दोन भाऊ, बांध, उंबर, हौसाबाई. मागच्या खोलीतून टकटक इतका वेळ येत राहिली की शांतीबाई हातातलं काम टाकून दारात येऊन उभ्या राहिल्या. मग कँडीहून प्रश्न आला: विहीर खोल किती?

टिपणीसांना ते माहीत नव्हतं. अंदाजे सांगणं त्यांना शक्य नव्हतं. येत्या रविवारी कळवतो, असं त्यांनी उत्तर दिलं आणि रविवारी सकाळी सायकल काढली.

वाडीत महादेवने एक आकडा सांगितला. विठूने दुसरा सांगितला. महादेव काठाच्या कठड्यापासून मोजत होता, विठू जमिनीपासून, आणि दोघांचेही आवाज हळूहळू चढत चालले होते. टिपणीसांच्या मते हा अतिशय महत्त्वाचा प्रश्न होता. ते कठड्यावर बसले, चष्मा पुसला आणि विहिरीची खोली मोजायची शास्त्रशुद्ध रीत कोणती हे दोघांना पहिल्यापासून समजावू लागले. दोघं भाऊ शेजारी शेजारी उकिडवे बसून ऐकू लागले. हौसाने एकदा तिकडे पाहिलं, हे लवकर संपणार नाही हे तिच्या लक्षात आलं, आणि तिने चहाचं आधण ठेवलं.